व्हॅम्पायरची बाजू

"ताई, प्रेक्षकाला तो आवडला पाहिजे. नाहीतर पुढचा एपिसोड कोण बघणार?"

पुण्यातल्या त्या गारेगार ऑफिसात बसून दिग्दर्शक मला हे समजावून सांगत होता. मी नगरहून सकाळची एसटी धरून गेले होते, कंबरेचे टाके ढिले झाले होते, आणि समोर काळ्या कॉफीचा मग धरून हा पोरगेलासा माणूस मला माझ्याच एकांकिकेतल्या पात्राबद्दल शिकवत होता. मी म्हटलं, "आवडू दे की. मी कुठं नाही म्हणते? पण आवडता आवडता पोटात गोळाही आला पाहिजे." त्यानं समजल्यासारखी मान हलवली, लॅपटॉपवर काहीतरी बडवलं आणि म्हणाला, "येस येस, ते आपण बॅकग्राउंड म्युझिकनं करू."

बॅकग्राउंड म्युझिकनं! तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या दिवशी, आणि अजून पुरती उतरलेली नाही. उतरावी असं मला वाटतही नाही.

मी नगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि पोरापोरींना घेऊन एकांकिका बसवते. त्यातल्या एका एकांकिकेत मी व्हॅम्पायर आणला, माणसांचं रक्त पिऊन जगणारा. आपल्याकडे मुंजे, वेताळ, हडळी रग्गड आहेत, मग हा परदेशी पाहुणा कशाला, असं मला परीक्षकांनी विचारलंच. त्याचं कारण एक नियम. हडळ कुठूनही येते. व्हॅम्पायरला मात्र घरातल्या कुणीतरी "ये" म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. मला तो नियम हवा होता. का हवा होता, ते माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं तिथून सांगावं लागेल.

शिंगणापूरला तुम्ही कधी ना कधी गेला असालच. शनीला तेल वाहिलं असेल, उसाचा रस प्यायला असाल, आणि घरांना दारं नाहीत म्हणून फोटोही काढले असतील. त्याच भागातल्या एका वस्तीवर माझी बहीण दिली. तिथंही तीच रीत. दगडी चौकट असते, वर गणपती असतो, पण चौकटीला दार म्हणून नाही. दिवसा पडदा, आणि कुत्रं शिरू नये म्हणून झोपताना एक फळी टेकवून ठेवायची. लग्नात आम्ही तिची काय थट्टा केली होती! "बाई गं, तुला आता रुसून दार लावून बसायचीसुद्धा सोय नाही." ती लाजली होती आणि जावईबापू मान खाली घालून हसले होते.

हे जावईबापू तुम्हाला भेटले असते तर तुम्हालाही आवडले असते, हे मी लिहून देते. बोलणं इतकं हळू की पुढं वाकून ऐकावं लागायचं. आमच्या आईच्या पाया पडल्याशिवाय कधी बसला नाही. वस्तीवर कुणाचं लग्न असो की मयत असो, हा सगळ्यांच्या आधी हजर. लहान पोरं त्याच्या अंगाखांद्यावर खेळायची. आई तर म्हणायची, "मला दुसऱ्या जन्मी असाच ल्योक दे रे देवा." माझी आई जामखेडकडची. तिचं बोलणं अजून तिकडचंच आहे.

आणि हा माणूस माझ्या बहिणीला मारायचा. तोंडावर कधी नाही. दंडावर, पाठीत, मांडीवर, जिथं साडी झाकते तिथं. आवाजसुद्धा चढवायचा नाही मेला. आणि मारून झालं की रडायचा. खरंखुरं रडायचा, ढोंग नव्हतं ते, बहीण अजूनही शपथेवर सांगते. लहानपणी आई टाकून गेली, चुलतीनं उपाशी ठेवलं, मला तुझ्याशिवाय कोण आहे, असं म्हणत तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा. आणि ती त्याच्या केसांतून हात फिरवायची. जिला मारलं, तीच समजूत घालायची! हे लिहितानासुद्धा माझे दात करकरतात.

ती वाळत गेली. आम्हाला वाटलं शेतातलं काम जास्त असेल. एकदा चक्कर येऊन पडली म्हणून मी तिला नगरला डॉक्टरीणबाईंकडं नेलं, तर बाई म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्तच नाही हो. जेवते काय ही?" माझ्या डोक्यात तो व्हॅम्पायर त्या दवाखान्याच्या बाकावर बसल्याबसल्या जन्माला आला.

पुढं सगळं उघडकीला आलं तेव्हा मी त्यांच्या समोरच्या घरातल्या बाईला गाठलं. म्हटलं, तुमच्या घराला दार नाही, त्यांच्या घराला दार नाही, मधे चार पावलांचा बोळ. तुम्हाला कधीच काही ऐकू आलं नाही? तर ती बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "ऐकू यायचं की वो ताई. आमाला समद्यांनाच ऐकू यायचं. पर बोलावल्याबिगर दुसऱ्याच्या घरात शिरायचं कसं?" घ्या! बोलावल्याशिवाय आत यायचं नाही हा म्हणे व्हॅम्पायरचा नियम. त्या बोळात तो नियम सगळं गाव पाळत होतं.

बहीण एका दिवाळीला माहेरी आली ती परत गेली नाही. आमच्याकडं नगरला सावेडीतच राहिली, एका शाळेत लागली, हळूहळू तिच्या गालावर मांस चढलं. पण सोडचिठ्ठीचं नाव काढलं की "बघू" म्हणायची. माझी एक मैत्रीण वकील आहे, ती कागद करून द्यायला एका पायावर तयार होती. बहिणीचं आपलं "बघू". तो अधूनमधून मामाला पाठवायचा, सरपंचाला पाठवायचा, स्वतः फोन करायचा आणि फोनवर रडायचा. आई म्हणायची, "पोरीचं घर मोडू नये. मानूस वाईट न्हाई, राग लई हाय." राग! ज्यानं कधी आवाज चढवला नाही, त्याला म्हणे राग. आमच्या घरात तेव्हापासून एकच प्रश्न होता, ती परत जाते की काय. सकाळी चहाला तो प्रश्न असायचा आणि जेवायला बसलं तरी ताटाशेजारी असायचा.

अशात मी ती एकांकिका लिहिली. दारं नसलेल्या गावातलं एक घर, नवी सून, बोळापलीकडं सगळं ऐकणारी एक बाई, आणि चौकटीत येऊन उभा राहिलेला एक हळू बोलणारा माणूस. त्याला "या" कोण म्हणतं? सगळेच म्हणतात. कारण दारात माणूस आला की आपण "या, बसा, पाणी घ्या" म्हणतो. विचार करून कुठं म्हणतो आपण? तोंडातून निघूनच जातं. तिथंच तो आत येतो.

एकांकिका गाजली. आमच्याच कॉलेजच्या जुन्या पोरांनी तिची शॉर्टफिल्म केली. उत्साह दांडगा, अक्कल बेताची. हिरोच्या डोळ्यात लाल लेन्सा, तोंडात प्लास्टिकचे सुळे, हनुवटीवरून बीटाचा रस. चौकटीत आला की गुरगुरायचा. मी डोकं धरून बसले. बहीण माझ्या शेजारी बसून बघत होती, ती खो-खो हसत सुटली. म्हणाली, "ताई, हा असला असता ना, तर मी मांडवातूनच पळाले असते."

ते वाक्य मी त्या पोरांना ऐकवलं. म्हटलं, शहाण्यांनो, भीती कशाची वाटते? दाताची? दात दिसल्यावर माणूस सावध होतो. जो सावध होऊ देत नाही त्याची भीती वाटली पाहिजे. परदेशातल्या सिनेमांतही याचं असंच झालं असावं. आधी तो नुसता किळसवाणा होता, मग कुणीतरी त्याला देखणा केला, मग दुःखी केला, आणि करता करता तो नुसता प्रियकर होऊन बसला. मधे एक जागा होती, तिथं फार कमी लोक थांबले. त्या जागेवर बघणाऱ्याला त्याची कणव येते, आणि ती आली म्हणून स्वतःचीच भीती वाटते. मला माझा व्हॅम्पायर तिथं उभा करायचा होता.

नाटकात मी ते कसं केलं होतं ते सांगते. तो रडतो. खरं रडतो, नटाला मी सांगायचे की अजिबात खोटं रडू नकोस. त्याच्या तोंडी सगळं दुःख घातलं होतं, बालपण, भूक, एकटेपण, काही हातचं राखलं नाही. पण तो रडत असताना प्रकाश तिच्यावर. त्याचं डोकं तिच्या मांडीवर, त्याच्याखाली तिचा हात अडकलेला. हाताला मुंग्या आल्यात, बोटं पांढरी पडलीत, पण काढत नाही, कारण काढला तर तो दुखावेल. तो बोलतोय आणि आपण तिची बोटं बघतोय. एवढंच. प्रयोगाला पहिल्या रांगेतल्या बायका त्या जागेला आपापला हात चोळायला लागायच्या.

मग पुण्याहून फोन आला. मालिका करायची आहे, मोबाईलवर दिसणारी, मोठं बजेट. मी हुरळले. का हुरळू नये? तो दिग्दर्शक पहिल्यांदा घरी आला तेव्हा मला वाटलं, याला कळलंय. दारं नसलेलं गाव ऐकून त्याच्या अंगावर काटा आला म्हणाला. मला लेखनसल्लागार म्हणून घेतलं आणि मालिकेच्या सुरुवातीच्या पाटीवर मूळ कथा म्हणून माझं नाव टाकायचं ठरलं. बहिणीलाही मी विचारलं होतं, करू का गं? ती म्हणाली, "कर. पण त्याला राक्षस करू नका. तो राक्षस नव्हता, तेच तर अवघड होतं." यापेक्षा शहाणं वाक्य त्या ऑफिसात पुढं वर्षभरात कुणी बोललं नाही.

चित्रीकरणाला मंडळी शनीच्या त्या भागातल्या एका गावात उतरली. आणि तिथं त्यांनी काय केलं असेल? घराला दार बसवलं! कलादिग्दर्शकाचं म्हणणं, व्हॅम्पायर दार ठोठावतो तो शॉट हवाच, त्याशिवाय व्हॅम्पायर कसला. प्लायवूडचं नक्षीदार दार सकाळीच चौकटीला ठोकलं. घरमालकाचे वडील शेतातून आले आणि समोर बघतात तर आपल्या घराला दार. म्हाताऱ्यानं खांद्यावरचं खोरं खाली आपटलं. "सात पिढ्यात आमच्या चौकटीला कुनी खिळा मारला न्हाई, आन् तुमी पिच्चरसाठी दार लावता व्हय? काय इपरीत झालं म्हंजी तुमी निस्तरनार का?" गाव गोळा झालं. दार काढलं, शनीला तेल घातलं, हातापाया पडले. आणि दुसऱ्या दिवशी सगळं लटांबर उचलून जामखेडकडच्या एका दगडी घरात गेलं, जिथं हवी तेवढी दारं होती. मला मोबाईलवर निरोप आला, "लोकेशन चेंज, बाकी सगळं सेम."

बाकी सगळं सेम! मी तशीच दिग्दर्शकाला फोन लावून भांडले. म्हटलं, अरे बाबा, दार असलं की ते लावता येतं. लावता येत असलं की चूक बाईची होते, तू का उघडलंस म्हणून. माझ्या गोष्टीत तिला लावायला दारच नव्हतं, आणि ऐकू येऊनही कुणी आत आलं नव्हतं, हीच तर गोष्ट होती! तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही फार इमोशनली बघताय."

मग मी त्या ऑफिसात जाऊन बसले, तोच दिवस मी सुरुवातीला सांगितला. बोळापलीकडची ऐकणारी बाई त्यांनी कापली होती, कारण तिच्यामुळं म्हणे गोष्टीचा वेग जातो. तिच्या जागी व्हॅम्पायरचं बालपण घातलं होतं, अख्खा एक एपिसोड, पावसात भिजणारं अनाथ पोर आणि व्हायोलिन. मी म्हटलं, बालपण असू दे, मीही लिहिलंय ते. पण ते तो सांगतोय तेव्हा कॅमेरा तिच्या हातावर ठेवा. तर सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक मुलगी म्हणाली, "पण मॅम, मग त्याच्या मोमेंटला ती डिस्ट्रॅक्शन होईल ना." त्याच्या मोमेंटला! ती होईल म्हणे व्यत्यय! मी पर्स उचलली आणि निघाले. माझं नाव काढा म्हणून सांगायचं त्या संतापात राहूनच गेलं, आणि नंतर फोनवर सांगितलं तर म्हणाले, पाट्या तयार झाल्या.

मालिका आली. नट देखणा होता, हे कबूल करते. शेवटचा भाग तर घरोघरी गाजला. तो रात्रभर तिच्या बंद दाराबाहेर उभा राहतो, बोलावल्याशिवाय आत जात नाही. सूर्य उगवतो, उन्हानं त्याची कातडी जळायला लागते, धूर निघतो, तरी हलत नाही. शेवटी ती दार उघडते आणि म्हणते, "ये." संपलं. माझ्या वर्गातल्या पोरी दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी आल्या. "मॅम, तुम्ही कसला भारी लिहिलाय तो!" मी खडू खाली ठेवला आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले. त्याला लिहिलंय. ती कुठं गेली, एकीनंही विचारलं नाही.

आमच्या घरी बहीण बघायची आणि आई शेजारी बसून तांदूळ निवडता निवडता बघायची. मी त्या खोलीत थांबत नव्हते. पण शेवटचा भाग झाल्यावर बहीण स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "ताई, मी त्यांची बाजू कधी नीट ऐकलीच नाही का गं? तूच लिहिलंयस ना हे." माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी ओरडले, "मी नाही लिहिलं! मी तुझा हात लिहिला होता!" ती घाबरून बघायला लागली, आणि मला माझीच लाज वाटली, तिच्यावर कशाला ओरडायचं. पण नाव माझं होतं. पाटीवर ठळक होतं.

आणि हे बहिणीच्या नवऱ्यानंही बघितलं होतं. त्याचा आवाजी निरोप आला, बहिणीनं तो मला ऐकवला. "ताईंनी मला बराब्बर वळखलं. माज्या मनातलं समदं लिवलं. मी समदे भाग दोनदोनदा बघितले, लई रडलो." त्या आवाजात काय समाधान होतं! जन्मभर ज्याची वाट बघितली ते प्रमाणपत्र मिळालं होतं त्याला, आणि खाली सही माझी.

मे महिन्यातला रविवार होता. साडेअकराच्या सुमाराला गल्लीत कुणाची तरी चाहूल लागली, म्हणून मी दार उघडलं. तो पायरीखाली उभा. चपला काढलेल्या, डोक्यावर टोपी नाही, हातात काही नाही. नगरचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते सांगायला नको, तिथं फरशीवर पाय ठेववत नाही. मी म्हटलं, "काय पाहिजे?" तर हात जोडून म्हणाला, "ताई, मी आत येनार न्हाई. तिनं सोता 'या' म्हटल्याबिगर उंबरा वलांडनार न्हाई. हितंच हुबा ऱ्हातो."

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. दिग्दर्शकाचा तो शेवटचा भाग जसाच्या तसा उचलून हा माझ्या दारात घेऊन आला होता! म्हटलं, "तमाशा बंद करा आणि चालते व्हा." तो हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. समोरच्या गच्चीत बायका आल्या, शेजारचे काका फाटकाशी आले. त्यांनीही मालिका बघितलेली. कुणीतरी छत्री पुढं केली, ती त्यानं नको म्हटली. "बिचारा," समोरची म्हणाली, मला ऐकू जाईल असं, "एवढं कुठं ताणायचं असतं का? पाय भाजतायत त्याचे." आणि मी, जिनं हे सगळं लिहिलं असं गल्लीला वाटत होतं, मीच तिथं कजाग ठरले होते.

मागून आई आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या. दारात जावई उभा, तोही उन्हात, आणि माझ्या आईनं पाणी विचारायचं नाही हे आजवर झालेलं नव्हतं. तिचा चेहरा कळवळला होता. आता तिच्या तोंडून ते निघणार, मला दिसतच होतं. मी तिच्यापुढं आडवी झाले तेवढ्यात बहीण बाहेर आली.

ती चौकटीत उभी राहिली. तो बोलायला लागला. कसा एकटा पडलाय, घर कसं खायला उठतं, आईनं टाकलं तेव्हापासून कुणी जवळ घेतलं नाही. मधे मधे त्या मालिकेतल्या व्हॅम्पायरची वाक्यं येत होती, शब्दन् शब्द पाठ, आणि रडणं मात्र त्याचं स्वतःचं. बहिणीचे डोळे भरले. मला वाटलं, गेली. आता ही जाते.

"मालिका सगळी बघितली म्हणालात," ती म्हणाली.

"समदी. दोनदा."

"मग त्या मुलीचं नाव सांगा."

"कोनती मुलगी?"

"जिच्या दारात तो उभा राहतो ती."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. समोरच्या गच्चीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ती... तिचं काय वो आता. ध्यानात न्हाई. नाव काय महत्त्वाचं हाय का?"

माझ्या पाठीमागून आईनं ते नाव सांगितलं. तांदूळ निवडत ऐकलेलं, नीट, न अडखळता. तिला मालिकेतलं निम्मंअर्धं समजलंही नव्हतं, पण त्या पोरीचं नाव तिला माहीत होतं.

तो बहिणीकडं बघून हसला. गालांवर पाणी तसंच, हात तसेच जोडलेले, गच्चीतल्यांना दिसतील असे. आणि त्याच त्याच्या हळू आवाजात, फाटकापर्यंत जाणार नाही पण आमच्या तिघींना ऐकू येईल अशा बेतानं, तो म्हणाला, "घरी चल. मग सांगतो तुला कुनाचं नाव काय हाय ते."

बहीण एक पाऊल मागं सरली. तिचा हात आपोआप दुसऱ्या दंडावर गेला. त्या हळू आवाजातली ही धमकी मी कल्पनेनं लिहिली होती, प्रत्यक्ष कधी ऐकली नव्हती. आईनं तर नाहीच. आई त्याच्याकडं बघत राहिली. देवाकडं जो मुलगा मागितला होता त्याच्याकडं ती पहिल्यांदाच नीट बघत असावी. मग ती माझ्या बाजूनं पुढं झाली, तांब्यातलं सगळं पाणी तिनं पायरीलगतच्या जास्वंदीच्या कुंडीत ओतलं, रिकामा तांब्या त्याला दिसेल असा उपडा धरला, आणि आत येऊन दार लावलं.

बाहेरून समोरची काहीतरी ओरडत होती, माणुसकी वगैरे. मला उघडून तिला चार शब्द सुनवायचे होते, पण बहिणीनं माझं मनगट धरलं. मला वाटलं आता ही कोसळणार. पण तिचा आवाज ठीक होता.

"ताई," ती म्हणाली, "तुझ्या त्या वकील मैत्रिणीला फोन लाव. रविवार असला तरी लाव."